खोपोलीची वीज व संगणकाचा धंदा



खोपोलीचें नांव निघालें कीं मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला घाटाची चढण आठवते. कर्जत म्हटलें कीं गाडीला मागून जोडलें जाणारें इंजिन व फलाटावरचा बटाटेवडा डोळ्यांसमोर उभा राहतो. रायगड जिल्ह्याच्या या आंतल्या दोन तालुक्यांचा, म्हणजे खालापूर व कर्जत यांचा, संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या धंद्याशीं कांहीं संबंध असेल अशी कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो धंदा बंगळूरचा, हिंजवडीचा किंवा सातासमुद्रांपलीकडचा असें आपण धरून चालतों. परंतु भारतांत या धंद्याची घडी बसविण्यांत ज्यांचा वांटा फार मोठा, त्या फकीरचंद कोहली यांनीं मुंबईंतल्या नोकरीचीं पहिलीं अठरा वर्षें विजेच्या कंपनींत काढलीं. ती वीज आरंभीं सर्वस्वीं पाण्यापासून निघत असे, आणि तें पाणी ज्या तीन ठिकाणीं चाकांवर पडे त्यांतलीं दोन म्हणजे खालापूर तालुक्यांतील खोपोली व कर्जत तालुक्यांतील भिवपुरी. विजेची मोठी यंत्रणा सांभाळतां सांभाळतां जी दृष्टि येते, तीच दृष्टि आज्ञावलीच्या मोठ्या कामास लागते. आणि ती दृष्टि कशी असते हें घाटाच्या पायथ्याशीं जितकें स्पष्ट दिसतें तितकें संगणकाच्या पडद्यावर दिसत नाहीं.

प्रथम त्या पाण्याची वाट पाहूं. लोणावळ्याच्या परिसरांत वर्षाला दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो बहुतेक सारा चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने आकाश कोरडें. या पाण्यापासून मुंबईसाठीं वीज काढावी ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या मनांत होती. ते १९०४ सालीं वारले. पुढें १९१० सालीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली, १९११ सालीं बांधकामाचा पाया घातला गेला, आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. तोंपर्यंत प्रत्येक गिरणीला स्वतःचें वाफेचें इंजिन, स्वतःचा कोळसा आणि स्वतःचें धुराडें बाळगावें लागत असे. १९२२ सालीं आंध्र खोऱ्यांतल्या ठोकरवाडी धरणाचें पाणी बोगद्यानें घाटाखालीं आणून भिवपुरीचें केंद्र सुरू झालें, आणि १९२७ सालीं मुळशीच्या पाण्यावर दक्षिणेकडे भिऱ्याचें.

खोपोलीची रचना या तिहींत सर्वांत जुनी. लोणावळा, वळवण व शिरवटा या तळ्यांत पावसाळ्याचें पाणी वर्षभरासाठीं सांठवितात. तेथून तें कालव्यानें सावकाश वाहत कड्याच्या तोंडाशीं येतें. तेथें एक लहान तलाव आहे. इंजिनियर त्यास फोरबे म्हणतात. त्या तलावांतून निघालेले लोखंडी नळ सुमारें १,७२५ फूट खालीं उतरतात. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा दाब नळाच्या तळाशीं दर चौरस इंचास साडेसातशें पौंडांच्या घरांत जातो. त्या दाबानें सुटलेली धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाकाबरोबर जनित्र फिरतें, आणि निघालेली वीज उंच मनोऱ्यांवरच्या तारांनीं त्रेचाळीस मैलांवरच्या मुंबईस जाते.

कड्यावरचा तो लहान तलाव कशासाठीं, असें कोणी विचारील. कालव्याचें पाणी मंद चालणारें, आणि मुंबईची मागणी चंचल. संध्याकाळीं घरोघरीं दिवे लागतात, एखादी गिरणी एकदम चालू होते, आणि विजेची मागणी कांहीं क्षणांत वाढते. दूरच्या तळ्यांतलें पाणी तितक्या त्वरेनें येऊं शकत नाहीं. तेवढा वेळ हा लहान तलाव निभावून नेतो. मंद पुरवठा व उतावीळ मागणी या दोहोंमध्यें त्यानें समेट घडवून आणिलेला असतो.

याहून अधिक विचार करण्यासारखी युक्ति पेल्टन चाकाच्या तोंडाशीं असते. समजा, कांहीं बिघाडानें मुंबईची मागणी एकाएकीं थांबली. चाकावरचा भार उतरला, पण धार चालूच आहे. तेव्हां चाक भरमसाट वेगानें फिरूं लागणार. धार ताबडतोब बंद करावी तर नळांत सतराशें फुटांचा पाण्याचा स्तंभ वेगानें खालीं येत आहे. त्यास एकदम अडविलें तर त्या धक्क्यानें नळच फुटेल. म्हणून दोन कामें दोन वेगांनीं करितात. आधीं एक पोलादी पत्रा धारेच्या आड येऊन तिला क्षणार्धांत बाजूस वळवितो, आणि चाक वांचतें. मग धारेच्या तोंडांतील सुई सावकाश पुढें सरकून पाणी बंद करिते, आणि नळ वांचतो. तांतडीचा उपाय वेगळा व कायमचा उपाय वेगळा, आणि कोणता कोठें योजावा हें आधींच ठरलेलें. मोठ्या यंत्रणेची आंखणी म्हणतात ती याच विचारास.

पाणी तळ्यांत सांठवितां येतें. तारेंत गेलेली वीज मात्र सांठत नाहीं. ज्या क्षणीं मुंबईंत दिवा लागतो त्याच क्षणीं कोठेंतरी तेवढी वीज उत्पन्न झालेली असावी लागते. उत्पन्न कमी पडलें तर सारीं जनित्रें मंदावतात. अधिक झालें तर वेग वाढतो. विजेच्या लहरींची सेकंदास पन्नास ही आवर्तनें म्हणजे या यंत्रणेची नाडी होय. ती हातीं धरून कोणत्या केंद्रानें किती भार उचलावा हें ठरविणारी एक कचेरी असावी लागते. या कामास भार-नियंत्रण म्हणतात.

या कामासाठीं फकीरचंद कोहली १९५१ सालीं टाटांच्या विद्युत् कंपन्यांत आले. त्यांचा जन्म १९ मार्च १९२४ रोजीं पेशावर येथें झाला. शिक्षण लाहोरास, पुढें कॅनडांतील क्वीन्स विद्यापीठांत, आणि १९५० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत त्यांनीं विद्युत् अभियांत्रिकीची उच्च पदवी घेतली. मधल्या काळांत फाळणी होऊन त्यांचें जन्मगांव परक्या देशांत गेलें होतें. मुंबईस आल्यावर भार-नियंत्रणाची व्यवस्था उभारण्यांत त्यांचा प्रमुख भाग होता. त्या काळीं हें काम टेलिफोन, घड्याळ, तक्ते आणि माणसाचा अनुभव यांवर चाले.

१९५६ पासून ट्रॉम्बे येथें कोळसा व तेल यांवर चालणारें केंद्र निघालें, आणि प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. पाण्याची वीज चटकन मिळते. झडप उघडली कीं कांहीं मिनिटांत चाक फिरूं लागतें. बाष्पयंत्राला तापावयास कित्येक तास लागतात, परंतु एकदां तापलें कीं तें दिवसभर सारखें चालतें. पाण्यास किंमत द्यावी लागत नाहीं, पण तें पुढल्या जूनपर्यंत पुरवावयाचें असतें. इंधन केव्हांही मिळतें, पण त्याला पैसे पडतात. आज किती पाणी खर्चावें, किती इंधन जाळावें, आणि पाऊस लांबला तर हातीं काय उरावें, हा हिशेब रोज नव्यानें करावा लागे. आंकडेमोड इतकी वाढली कीं ती माणसांच्या हातून वेळेवर होईना. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सीडीसी ३६०० नांवाचा मोठा संगणक आला, आणि विद्युत्-जालाच्या गणितासाठीं त्याचा उपयोग होऊं लागला. १९६८ च्या सुमारास टाटांच्या विद्युत् कंपन्या, संगणकाच्या साह्यानें आपलें जाल चालविणाऱ्या जगांतल्या अगदीं मोजक्या कंपन्यांत जाऊन बसल्या. येथें संगणक आला तो घाटाच्या पाण्याचा व मुंबईच्या दिव्यांचा मेळ वेळेवर बसत नव्हता म्हणून.

याच सुमारास, १९६८ सालीं, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली, आणि १९६९ सालीं कोहलींना तिचे जनरल मॅनेजर म्हणून जाण्यास सांगण्यांत आलें. त्यांचें वय तेव्हां ४५ होतें. विजेच्या कामांत त्यांचें मन रमलें होतें व ते सहजासहजीं तयार नव्हते, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे. तरी ते गेले, आणि १९९६ पर्यंत त्या संस्थेचें सुकाणूं त्यांच्या हातीं राहिलें.

येथें आज्ञावली म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणक हें यंत्र स्वतः कांहींच जाणत नाहीं. त्यानें कोणतें काम, कोणत्या क्रमानें, कोणत्या अटीवर करावें हें त्यास लिहून द्यावें लागतें. या लेखनास आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. एकट्यादुकट्या माणसानें लिहिलेली लहान आज्ञावली ही एखाद्या कारागिराची वस्तु असते. पण ज्या कामांत शेंकडों माणसांनीं लाखों ओळी लिहावयाच्या, आणि त्यावर बँकेचे, रेल्वेचे, रुग्णालयाचे व्यवहार चालावयाचे, तेथें नुसतें सुबक लिहिणें पुरत नाहीं. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे, एक बिघडला तर दुसऱ्यानें काय करावें, गर्दी झाली तर ती कोठें थोपवावी, हें आधीं आंखावें लागतें. रेल्वेच्या ‘तत्काळ’ तिकिटांची विक्री सकाळीं सुरू होतांच एकाच मिनिटांत जी झुंबड उडते तिचें उदाहरण घ्या. मागणी वेगाची, आणि मागची नोंदवही त्या मानानें मंद. दोहोंमध्यें रांग लावणारी जागा ठेविली नाहीं तर सारेंच कोलमडेल. खंडाळ्याच्या कड्यावरचा लहान तलाव व ही रांग यांचें काम एकच आहे.

नव्या संस्थेचीं पहिलीं कामें साधीं होतीं: बँकेच्या निरनिराळ्या शाखांच्या परस्पर हिशेबांचा मेळ, भागधारकांच्या याद्या, टेलिफोनची सूचि. बाहेरून पाहणाऱ्यास हें कारकुनी काम वाटे. परंतु बँकेच्या एका शाखेनें दुसरीवर काढलेली हुंडी दोन्ही वह्यांत नोंदली गेली कीं नाहीं हें ताडून पाहणें, आणि उत्पन्न झालेली वीज व वापरलेली वीज यांचा मेळ घालणें, यांत शिस्तीच्या दृष्टीनें फारसें अंतर नाहीं. दोन्हींत एक बाजू नेहमीं दुसरीशीं जुळली पाहिजे.

पुढें १९७४ सालीं अमेरिकेंतील बरोज कंपनीशीं संबंध आला. रुग्णालयांच्या हिशेबाची एक आज्ञावली त्या कंपनीच्या एका जातीच्या संगणकावर चालत असे. ती दुसऱ्या जातीच्या संगणकावर चालेल अशी बदलून द्यावयाची होती. अडचण अशी कीं ज्या यंत्रासाठीं हें काम करावयाचें तें यंत्रच मुंबईस पोंचलें नव्हतें. येथें होता निराळ्याच कंपनीचा एक संगणक. तेव्हां तिन्ही यंत्रांचे नियम कागदावर समजून घेऊन, एकाची भाषा दुसऱ्यांत आपोआप उतरवील अशी आज्ञावली या यंत्रावर लिहावी लागली. समोर नसलेल्या यंत्रासाठीं काम करणें हें नियमांचें संपूर्ण ज्ञान असल्याशिवाय साधत नाहीं. घाटाखालच्या जनित्रावर हात न ठेवतां मुंबईच्या कचेरींतून त्याची चाल ओळखण्याची संवय ज्यांना होती, त्यांना ही गोष्ट अगदींच परकी वाटली नसावी. त्या काळीं परदेशी चलनाची चणचण फार. संगणक आयात करावयाचा तर परदेशी चलन मिळवून देण्याची अट सरकारकडून असे. परदेशासाठीं आज्ञावली लिहिण्याचा धंदा असा गरजेंतून वाढला.

१९८१ सालीं पुण्यास टाटा संशोधन, विकास व आंखणी केंद्र निघालें. आज्ञावली कशी लिहावी याचेंच शास्त्र करावें हा त्याच्या उद्देशांपैकीं एक. १९८९ सालीं स्वित्झर्लंडमधील रोख्यांच्या देवघेवीची व्यवस्था या संस्थेनें पुरी करून दिली. त्या अनुभवाचा लाभ पुढें घरीं झाला. मुंबईंत १९९६ सालीं नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी सुरू झाली, तिची यंत्रणा उभारण्याचें कामही याच संस्थेकडे होतें. ज्यांच्या घरीं कंपन्यांच्या भागांचीं कागदी प्रमाणपत्रें असत त्यांना जुनी दगदग आठवत असेल. प्रमाणपत्र टपालांत गहाळ व्हावें, सही जुळूं नये, महिने लोटावेत. आज तो कागदच राहिलेला नाहीं. आहे ती नोंद, आणि नोंदीवरचा विश्वास. हा विश्वास ज्या लोकांच्या कामावर उभा आहे त्यांचीं नांवें ठेवीदारांना ठाऊक नसतात, आणि काम चांगलें झालें असेल तर तीं ठाऊक होण्याचें कारणही पडत नाहीं.

या धंद्यांत तीस-चाळीस वर्षें घालविणाऱ्या माणसाचें आयुष्य कसें जातें, याविषयीं बाहेर फार गैरसमज आहे. नवें कांहीं घडविण्यांत त्याचा थोडाच काळ जातो. बहुतेक काळ जातो तो दुसऱ्यानें पूर्वीं लिहिलेलें समजून घेण्यांत, त्यांतली चूक शोधण्यांत, आणि चालत्या गाडीचें चाक बदलावें तसें चालू काम न थांबवितां त्याचा भाग बदलण्यांत. १९६० व ७० च्या दशकांत आज्ञावली लिहिणाऱ्यांनीं जागा वांचविण्यासाठीं वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे नोंदविले. तेव्हां तें शहाणपणाचें होतें, कारण संगणकांतली जागा फार महाग होती. आपलें लेखन तीस वर्षें टिकेल असें त्यांना वाटलेंच नव्हतें. तें टिकलें, आणि सन २००० जवळ येतांच ‘००’ म्हणजे १९०० कीं २०००, हा प्रश्न जगभर उभा राहिला. भारतांतल्या हजारों तरुणांनीं दुसऱ्यांच्या जुन्या ओळी वाचून ती चूक दुरुस्त केली. आंखणी करणारानें आपलें काम आपल्यापेक्षां अधिक जगणार आहे असें धरूनच लिहिलें पाहिजे, हा त्यांतला धडा. खोपोलीचीं मूळचीं यंत्रें जाऊन नवीं आलीं. आज तेथें ७२ व भिवपुरीस ७५ मेगावॅट वीज निघूं शकते. परंतु तळें, कालवा, कड्यावरचा तलाव, नळ, चाक, तार हा क्रम एका शतकानंतरही तोच आहे. यंत्रें बदलतां आलीं, कारण रचना स्पष्ट होती.

रचना स्पष्ट असली म्हणजे संकट टळलें असेंही नाहीं. मोठ्या विद्युत्-जालांत बिघाड झाला तर मुंबईचें जाल आपोआप अलग होऊन बेटासारखें स्वतःच्या विजेवर तगावें, अशी योजना कित्येक वर्षांपासून आहे, आणि तिनें शहराला अनेकदां वांचविलेंही आहे. परंतु १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं कळवा-पडघा भागांतल्या मोठ्या वाहिन्या बंद पडल्या, आणि त्या दिवशीं बेट टिकलें नाहीं. लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या. साथीच्या त्या दिवसांत रुग्णालयांना स्वतःच्या जनित्रांवर विसंबावें लागलें. वीज पुन्हां उभी करतांना ट्रॉम्बेच्या जोडीनें टाटांचीं तिन्ही जलविद्युत् केंद्रें उपयोगी पडलीं, कारण पाण्याचें चाक लवकर फिरतें. सर्वांत जुना भाग संकटांत कामास आला. म्हणून जुनें तें टाकाऊ असा नियम करूं नये. कोणता भाग कोणत्या प्रसंगासाठीं राखून ठेवावा हें ओळखणें हीच आंखणीकाराची परीक्षा होय.

येथपर्यंत जें सांगितलें तें यंत्रणेच्या आंतलें. तिच्या बाहेर कोण राहिलें, हाही प्रश्न विचारला पाहिजे. खोपोली-भिवपुरीची वीज खालापूर-कर्जतच्या भाताच्या खाचरांवरून, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवरून मुंबईस गेली. त्या वाड्यांत विजेचा दिवा लागण्यास त्यानंतर कित्येक दशकें जावीं लागलीं. टाटांच्या तिसऱ्या योजनेसाठीं मुळशी पेट्यांतल्या मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या, आणि १९२१ पासून सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं तेथें जो सत्याग्रह झाला तो महाराष्ट्र विसरलेला नाहीं. आंखणीकार कागदावर एक रेघ काढतो आणि म्हणतो, रेघेच्या आंत आहे ती माझी यंत्रणा. रेघेबाहेर जीं माणसें राहतात त्यांचा हिशेब त्या कागदावर येत नाहीं. हा दोष विजेच्या योजनेंत होता आणि आज्ञावलीच्या धंद्यांतही आहे. ज्या देशांतल्या तरुणांनीं दूरदेशच्या बँका व रुग्णालयें यांच्या वह्या बिनचूक केल्या, त्याच देशांतला शेतकरी कित्येक वर्षें आपलाच सात-बाराचा उतारा मिळविण्यासाठीं तलाठ्याच्या दारीं खेटे घालीत राहिला.

तरी पाण्याची गोष्ट चाकापाशीं संपत नाहीं. भिवपुरीस वीज देऊन सुटलेलें पाणी राजनाला कालव्यानें कर्जत तालुक्यांतल्या शेतांवर जातें, आणि चोहोंकडे जमीन भेगाळलेली असतां तेथें उन्हाळी भात उभें असतें. पुढें तेंच पाणी उल्हास नदीच्या कांठच्या शहरांची तहान भागवितें. खोपोलीचें पाणी पाताळगंगेंत जातें, आणि तिच्या कांठचीं गांवें व कारखाने त्याच्या आधारानें चालतात. वीज काढणाऱ्याच्या दृष्टीनें ज्याचें काम संपलें, तें पाणी पायथ्याच्या लोकांना मिळालें, आणि तालुक्याच्या पदरीं या योजनेंतून जें पडलें त्यांत त्याचा वांटा मोठा आहे.

कोहलींच्या उत्तरायुष्यांतल्या एका कामाकडे याच नजरेनें पाहतां येतें. परदेशासाठीं लाखों ओळी लिहून झाल्यावर, सन २००० मध्यें त्यांच्या पुढाकारानें तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील मेदक जिल्ह्यांत प्रौढ साक्षरतेचा एक प्रयोग सुरू झाला. कचेऱ्यांतून काढून टाकलेले जुने संगणक खेड्यांत नेले. एकेक अक्षर घोटीत बसण्याऐवजीं ओळखीच्या शब्दांपासून आरंभ केला, आणि चित्रें व आवाज यांच्या साह्यानें सुमारें चाळीस तासांत निरक्षर माणसास स्वभाषेंतलें वर्तमानपत्र चाचपडत कां होईना वाचतां यावें अशी योजना केली. पुढें ही पद्धति मराठीसह इतर भाषांतही आली. संगणकाचें ज्ञान भारतीय भाषांत उतरल्याशिवाय या देशाच्या बहुजनांना त्याचा लाभ होणार नाहीं, हा आग्रह त्यांनीं अखेरपर्यंत धरला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नियामक मंडळाचें अध्यक्षपदही त्यांनीं सांभाळलें. २००२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. २६ नोव्हेंबर २०२० रोजीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, ते निवर्तले.

साक्षरतेचा तो प्रयोग धंद्याच्या मानानें लहानच होता. तो लहान राहिला हीच खंत बाळगावयाची. आज ज्या मध्यमवर्गीय घरांतून मुलें-मुली या धंद्यांत जात आहेत, त्यांच्या घरीं पगाराची, परदेशच्या मुक्कामाची व नव्या यंत्रांच्या भयाची चर्चा नेहमीं चालते. आतां संगणक स्वतःच आज्ञावली लिहूं लागले आहेत, तेव्हां माणसाचें काय होणार, ही चिंता तर घरोघरीं आहे. ओळी लिहिण्याचें काम कमी होईल हें संभवनीय आहे. परंतु मंद पुरवठा व उतावीळ मागणी यांचा समेट कोठें घालावा, बिघाड झाला असतां आधीं काय वांचवावें, तीस वर्षांनंतर येणाऱ्या अनोळखी माणसास आपली रचना कशी समजावी, आणि रेघेच्या बाहेर कोण राहिलें, या चार प्रश्नांचें उत्तर देण्याची जबाबदारी माणसावरच राहणार. या प्रश्नांचा ज्यानें अभ्यास केला त्याला कोहलींप्रमाणें विजेकडून संगणकाकडे, आणि उद्यां संगणकाकडून आणखी कोठें, जातां येईल.

२०२३ सालीं महाराष्ट्र सरकार व टाटा पॉवर यांच्यामध्यें एक करार झाला. त्याप्रमाणें भिवपुरीस एक हजार मेगावॅटची नवी योजना व्हावयाची आहे. वीज मुबलक असेल तेव्हां तिच्या जोरावर पायथ्याचें पाणी पुन्हां डोंगरावर चढवावयाचें, आणि टंचाईच्या वेळीं तें परत खालीं सोडावयाचें, असें तिचें स्वरूप आहे. उन्हांपासून व वाऱ्यापासून निघणारी वीज लहरी असल्यामुळें अशा योजनांची गरज वाढली आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या आंखणींत एक नवी पायरी घालण्याचा हा प्रसंग आहे. या वेळीं कर्जतच्या राजनाल्यावरचा शेतकरी, डोंगराखालच्या वाडीतली बाई व नदीकांठचें खेडें हीं आंखणीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून लिहिलीं जावींत. त्या कागदाचा पुष्कळसा भाग आतां संगणकावरच तयार होणार, आणि तो तयार करणारे आपल्याच घरांतले असणार.